वाकलेल्या पिना

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
डिंगोरे, ता. जुन्नर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
प्रांजलचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे, तुझी खुशाली कळवणे. आई रोज दिवा लावताना तुझं नाव घेते आणि मग मला विचारते की तिथं भाकरी गरम देतात का. देतात म्हणून मी ठोकून देते.

तू आत गेल्यापासून मी बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ जोडून द्यायचं काम करते, हे तुला माहीत आहे. पोरं शर्यतीच्या घाटात मोबाईलवर शूटिंग करतात, मी ते कापते, सांधते, त्यावर कॉमेंट्री चढवते. आजवर तुझ्या दुकानातल्या जुन्या मशीनवर भागवलं, पण त्यानं मान टाकली. मग पुण्याहून सुटे भाग मागवले आणि नवा कॉम्प्युटर स्वतः जोडला. नारायणगावला तुझ्या दुकानात मी स्टुलावर बसून तुझे हात बघायचे, ते वाया गेलं नाही असं वाटलं होतं. पण दादा, तो चालूच होत नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो आणि स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. आई म्हणते, नजर लागली. मिरच्याही ओवाळून झाल्या.

यात्रांचा हंगाम तोंडावर आलाय. मढच्या पोरांनी सगळ्या हंगामाचं काम मला द्यायचं कबूल केलंय. मशीन उभं राहिलं नाही तर ते जाईल, आणि ते गेलं की मामा पुन्हा येऊन बसतील. पोरीनं कुठवर माहेरी राहायचं, सूरजकडं आंबेगावला नांदायला जावं, हे त्यांचं पाठच झालंय.

मशीन नारायणगावला न्यायची सध्या सोय नाही. मोबाईल पडून फुटला, त्यामुळे त्यावर बघून शोधायचीही सोय नाही. या महिन्यात भेटीला येणं जमणार नाही. बापू मेंढरं घेऊन खोडदच्या बाजूला गेलेत आणि आईला एकटं सोडवत नाही. तेव्हा तू डॉक्टर, मी कंपाउंडर. पत्रानं औषध पाठव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
प्राजू


मध्यवर्ती कारागृह
२९ नोव्हेंबर २०२४

चि. प्राजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी बरा आहे. आईला सांग, भाकरी गरम असते. मोठ्यांशी खोटं बोलायचं तर दोघांनी एकच बोलावं.

काल नळावर मारामारी झाली. माझ्यापुढच्यानं त्याच्यापुढच्याला ताटाच्या कडेनं भुवईवर हाणलं. हाड दिसलं. रक्ताची चिळकांडी माझ्या सदऱ्यावर आली. मला विचारलं तर मी सांगितलं की माझ्या डोळ्यात साबण होता. इथं सगळ्यांच्याच डोळ्यात कायम साबण असतो.

आता तुझा पेशंट. पंखा फिरतो म्हणजे जीव आहे. पहिलं बघ, स्क्रीनची वायर नीट बसलीय ना. मग प्रोसेसरच्या डोक्याशी एक चौकोनी वायर येते, तिच्यावाचून पंखा फिरतो पण मशीन उठत नाही. नवशिके तीच विसरतात. ती दाबून बघ, टक् वाजली पाहिजे. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढ, एकच लाव, मग दुसरी लाव. प्रत्येक वेळी प्लग काढून आधी हात लोखंडाला लाव. घाई करू नकोस. तुझी घाई मला माहीत आहे, भात निवायच्या आत तोंड भाजून घेणारी तू.

सूरजचा गुडघा फोडून मी इथं आलो, तेव्हा तुला म्हणालो होतो की आता तुझ्या अंगाला कोणी हात लावणार नाही. त्या एका गोष्टीवर मी इथले दिवस काढतो. मामांना म्हणावं, नांदवायची एवढी हौस असेल तर स्वतः जाऊन नांदा.

मोबाईल कसा पडला? मोत्यानं पळवला असणार. त्याच्या पाठीवर माझ्या नावानं एक थाप दे.

असाच जीव लावत राहा.
तुझा,
दादा


डिंगोरे
९ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलं ते सगळं केलं. चौकोनी वायर बसलेली होती, तरी काढून पुन्हा बसवली. टक् वाजली. रॅमची एक पट्टी, दुसरी पट्टी, या खाचेत, त्या खाचेत. स्क्रीन काळीच. पंखा मात्र घरजावयासारखा मजेत फिरतो.

अक्षर मागच्या पत्रासारखंच वेडंवाकडं दिसेल. मागं विळीनं उजवा तळहात कापला, अजून पट्टी आहे. काळजीचं कारण नाही.

एक वाईट बातमी आहे. मोत्या गेला. रस्त्यावर गाडीखाली आला. बापूंनी त्याला बांधावरच्या बोरीखाली पुरलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. म्हणतात, कुत्रं न्हाई, राखणीचा गडी व्हता.

मढच्या पोरांचा निरोप आला होता की ताई, जमणार का सांगा, नाहीतर आमी दुसरा माणूस बघतो. मी जमणार म्हणून कळवलंय. आता तू मला खोटं पाडू नकोस.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारी,
प्राजू


मध्यवर्ती कारागृह
१९ डिसेंबर २०२४

चि. प्राजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोत्याचं वाचून रात्री घास गेला नाही. तो कधी रस्त्यावर जात नव्हता. घर आणि मेंढरं सोडून हललेला मी तरी बघितला नाही.

मशीनचं आता एकच उरतं. पंखा उतरव, दांडी उचल, प्रोसेसर बाहेर काढ आणि त्याच्याखालचं सॉकेट बघ. उन्हात घेऊन बस, बापूंचा चष्मा भिंगासारखा धर. आत सोन्याच्या बारीक पिना दिसतील, लावणी केलेल्या कांद्यासारख्या ओळीनं. सगळ्यांची मान एकाच बाजूला पाहिजे. एखादी जरी आडवी झाली असेल तरी मशीन उठत नाही. बोट लावू नकोस. दिसेल तसं चित्र काढून पाठव, मोठं काढ.

माझ्या रजेचा अर्ज वर गेलाय. मंजूर झाला तर उन्हाळ्यात थोडे दिवस घरी येईन.

हाताला हळद लाव.
तुझा,
दादा


डिंगोरे
३० डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चित्र सोबत आहे. तुझा अंदाज बरोबर निघाला. मधल्या ओळी ठीक आहेत, पण खालच्या कोपऱ्यात एक पट्टाच्या पट्टा लोळलाय, वाऱ्यानं ज्वारी लोळावी तसा. पिनांच्या मध्ये काहीतरी तपकिरी वाळलेलं आहे. जोडताना माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला होता, त्यानंच झालं असणार. आता हे सरळ होतं का, की बोर्ड टाकूनच द्यायचा, ते कळव.

आई तिळाची वडी पाठवा म्हणते. आत घेत नाहीत हे तिला कितीदा सांगावं.

माया असू दे.
प्राजू


३ जानेवारी २०२५

प्राजू,

हा कागद सुटून घरी चाललेल्या माणसाच्या हाती देतोय. इथं कोणी वाचलेला नाही.

स्क्रूड्रायव्हर पडला तर एक खड्डा पडतो. तू काढलेलं चित्र खड्ड्याचं नाही. तळहाताच्या उशीचं आहे, आणि वरून भार दिलाय. तपकिरी वाळलंय ते रक्त आहे. मोबाईल पडला, हात विळीनं कापला, मोत्या गाडीखाली आला, भेटीला यायला जमत नाही. मी कॉम्प्युटरवाला आहे, प्राजू. एकाच वेळी चार भाग बिघडत नाहीत. बिघाड एकच असतो.

तो आला होता. तुझं तोंड मला दिसू नये म्हणून तू भेटीला आली नाहीस.

रजा मंजूर होऊ दे. मागल्या वेळी मी गुडघ्यावर थांबलो, ती चूक पुन्हा करणार नाही. त्याला त्याच्याच दारात आडवा करीन आणि वर उभा राहून पोलिसांची वाट बघीन.

सोमनाथ


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
डिंगोरे
१६ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा कागद पोचला. बापूंच्या हाती पडला नाही, हे नशीब. त्यात काय होतं ते इथं लिहीत नाही, कारण हे पत्र तुझ्याकडचे साहेब आधी वाचतील. माझं मात्र लिहिते. ते त्यांनी वाचलं तरी चालेल, आणखी चार जणांना वाचून दाखवलं तरी चालेल.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ. बापू मेंढरांमागं, आई नळावर. मी पडवीत टेबलावर बोर्ड मांडला होता, सॉकेट उघडं, प्रोसेसर डाव्या हातात. मोत्या भुंकायला लागला आणि त्याचं भुंकणं मध्येच तुटलं. मी मान वर करेपर्यंत सूरज पायरीवर होता. ज्या काठीवर रेलून तो चालतो, तिचं टोक ओलं होतं.

म्हणाला, घरी चल. मी म्हणाले, माझं घर हेच. एवढंच बोलणं झालं. त्यानं माझी वेणी हाताला गुंडाळली आणि माझं तोंड टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. दात ओठात घुसले. मी उठायला उजवा हात टेकला तो नेमका सॉकेटवर पडला. त्याचं लक्ष गेलं. त्यानं आपला गुडघा उचलून माझ्या हातावर ठेवला, तू फोडलेला तोच, आणि सगळा भार दिला. म्हणाला, ह्यो गुडगा तुज्या भावाची भेट हाय, तुला परत द्यायला आलोय. पिना एकेक करून आत शिरताना मला कळत होत्या. मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

आई आली ती भरली कळशी घेऊन. तिनं ती खाली ठेवलीच नाही. पाण्यासकट त्याच्या मानेवर हाणली. तो पडला तरी हाणत राहिली, कळशीला पोचे पडेपर्यंत. शेजारचे गेणभाऊ धावून आले, तेव्हा तो उठून पळाला. जाताना अंगणात पडलेला माझा मोबाईल टाचेखाली चिरडून गेला. मोत्याच्या डोक्याची काय दशा होती ते बापूंनी कोणाला बघू दिलं नाही.

त्याच संध्याकाळी मी उरलेला कॉम्प्युटर जोडला. रागानं जोडला. पिना वाकल्यात हे बघायचं सुचलं नाही, डावा डोळा उघडतच नव्हता.

दादा, तू त्याला मारलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू. पण तू आत गेलास आणि तो बाहेर राहिला. तुझा घाव त्यानं जपून ठेवला आणि मला आणून दिला. तू आणखी एक देशील, तो मला दोन देईल. तो मेला, तर तू मेलास. मग या घरात आई, बापू आणि मी, अशी तीन माणसं भिंतीकडं बघत बसू. मला मारणारा भाऊ नको. त्याची आता मला भीती वाटते. मला मशीन दुरुस्त करणारा पाहिजे.

परवा मी पोलिसांत जाऊन सगळं लिहून दिलं. आई बरोबर होती. बापू म्हणाले होते की बाईमाणसानं पायरी चढू नये. आई म्हणाली, माझ्या पोरीचा हात पाटा व्हता का वरवंटा ठेवायला. बापूंनी मग टोपी घातली आणि आमच्या मागून आले.

आता सांग, या पिना सरळ कशा करायच्या. दुसरं काही लिहिणार असशील तर लिहूच नकोस.

प्राजू


मध्यवर्ती कारागृह
१ फेब्रुवारी २०२५

चि. प्राजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र देणारा शिपाई माझ्याकडं बघत उभा राहिला. एक कोरा कागद जास्तीचा देऊन गेला.

सकाळच्या उन्हात बस. खाली पांढरा कपडा अंथर. मेडिकलमधून स्पिरिट आण, बारीक ब्रशनं तो तपकिरी डाग भिजव, फुंकर मारू नकोस, आपोआप सुकू दे. मग खटका दाबायच्या शिसपेनमधलं शिसं काढून टाक. तिचं पोकळ टोक एका पिनेवर टोपीसारखं बसतं. एक पीन घे. तिची शेजारीण कुठं वाकलीय ते बघ, मग ही कुठं पाहिजे ते कळेल. ओढू नकोस. नुसती वळव, जरा वळव, सोड, बघ. सोनं दोनदा वाकलेलं सोसतं, तिसऱ्यांदा तुटतं. हात थरथरला तर उठून पाणी पी. एका बैठकीत सगळ्या करायचा हट्ट धरू नकोस. शेवटी तिरकं धरून बघ, ऊन सगळ्यांवर सारखं चमकलं म्हणजे झालं.

मग बोर्ड डब्यात घालू नकोस. पुठ्ठ्यावर उघडाच ठेवून चालू कर.

दुसरं काही लिहू नकोस म्हणालीस. एवढं लिहितो, साहेबांनी वाचलं तरी चालेल. तुझ्या पत्रानंतर बराकीतल्या एकानं तुझ्यावरून घाण बोलणं काढलं. मी त्याचा गळा धरून त्याला भिंतीला लावला होता. त्याचे डोळे वर गेले. माझ्या अंगठ्याखाली त्याच्या गळ्याचं हाड होतं आणि मला ते आवडत होतं. मग सोडला. का सोडला ते मला नीट सांगता येत नाही. सोडल्यावर हात बराच वेळ माझे वाटत नव्हते.

पिना नीट होतील. तुझा हात माझ्याहून हलका आहे.
दादा


डिंगोरे
४ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते, कारण ते आधी घडलं. पिना सरळ झाल्या. चार सकाळी लागल्या. आई शेजारी बसून कोंबड्या हाकलत होती, धूळ उडू नये म्हणून. बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवला, बटण दाबलं, पंखा फिरला आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. मी रडले. बापू बघायला आले आणि म्हणाले, आरं लई उजेड पडला की. मढच्या पोरांचे तीन घाट मी त्यावर करून दिले. बैल सुटतात तेव्हाची धूळसुद्धा कणाकणानं दिसते.

आता दुसरं. पोलिसांनी सूरजला बोलावून जबाब घेतला होता. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तो आला, दिवसाढवळ्या, हातात घण. मला गाडीचा आवाज कळला. मी मागच्या दारानं बाहेर पडले, तो पुढच्यानं आत शिरला. मी घराला वळसा घातला आणि पुढच्या दाराला बाहेरून कडी घातली. मागच्या दाराला आईनं घातली. ठरवलेलं काही नव्हतं. दोघींच्या हातून एकदमच झालं.

मग आतून आवाज यायला लागले. पहिला घण स्क्रीनवर पडला असणार. मग भांडी, मग कपाट, मग देव्हारा. तो माझं नाव घेऊन शिव्या देत होता आणि एकेक वस्तू फोडत होता. गेणभाऊंनी पोलिसांना फोन लावला, अंगणात माणसं जमली. दार फुटेना, तेव्हा तो खिडकीकडं आला आणि काचेवर मुठी मारायला लागला. काच फुटली तरी तो थांबला नाही. उभ्या राहिलेल्या काचांत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि तसेच मागं ओढले. दादा, मी मेंढरं कापताना बघितलीत. एवढं रक्त बघितलं नव्हतं.

शिव्या थांबल्या. मग तो आईगं म्हणाला, बारीक आवाजात. दाराखालून रक्त बाहेर यायला लागलं. गेणभाऊ म्हणाले, पोरी, कडी काडू नगं, आपल्या करणीनं मरतोय तर मरू दी. सगळ्यांच्या डोळ्यात साबण.

मी कडी काढली. दया आली म्हणून काढली असं मला म्हणता येत नाही. तो मेला असता तर मी घातलेल्या कडीआड मेला असता. तो भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीवर उलटे पडलेले. मी ओढणी फाडली, दोन्ही दंडांना आवळून बांधली, गुडघ्यानं दाबून गाठी मारल्या. तो माझ्याकडं बघत होता आणि मी गाठीकडं.

तो जगला. दवाखान्यातच पोलिसांनी ताब्यात घेतला. डॉक्टर म्हणतात, दोन्ही मनगटांच्या शिरा तुटल्यात, बोटं वळतील याचा भरवसा नाही. म्हणून जामिनावर घरी सोडलाय.

कॉम्प्युटरचे तुकडे मी पाटीत भरून ठेवलेत. बोर्ड दुभंगला. प्रोसेसर मात्र शाबूत दिसतो. मढची पोरं म्हणाली की ताई, एक जुना बोर्ड आमच्याकडं पडून हाय, घेऊन जा, पण हंगाम सोडू नका.

तुझी रजा मंजूर झाल्याचं कळलं. ये. घरी ये. दुसरीकडं कुठं जाऊ नकोस.

वाट बघणारी,
प्राजू


शिवाजीनगर, एस.टी. स्टँड
१२ एप्रिल २०२५

चि. प्राजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रजा संपली. संध्याकाळच्या आत हजर व्हायचंय. आत गेल्यावर हे लिहिता येणार नाही, म्हणून बाकड्यावर बसून लिहितोय आणि इथल्याच पेटीत टाकतोय.

परवा आपण दोघं नवा कॉम्प्युटर जोडत होतो. जुना बोर्ड, नवा डबा, तुझा तोच प्रोसेसर. बटण दाबलं तर पंखा अर्धा फेरा घेऊन बंद पडायचा. मी म्हणालो, पॉवर सप्लाय गेलाय. स्क्रू काढायला गेलो तर स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना, माझे हात एवढे थरथरत होते. तू विचारलंस काय झालं. मी म्हणालो, काही नाही, अशक्तपणा. तू स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून काढून घेतलास, बोर्ड उचललास आणि त्याच्या पाठीला टेकलेला एक जास्तीचा पितळी पाय शोधून काढलास. डब्याला तो होता, या बोर्डाला तिथं भोकच नव्हतं, आणि करंट तिथून डब्यात उतरत होता. पाय काढला, मशीन उठलं. तुला वाटलं मी मुद्दाम गप्प बसलो. नाही. मला खरंच सापडलं नव्हतं.

हात का थरथरत होते ते आता सांगतो. त्या सकाळी मी ओतूरला जातो म्हणून निघालो आणि आंबेगावला गेलो. रजेच्या अटीत त्या गावात पाऊल टाकायचं नाही असं लिहिलंय. पोत्यात गुंडाळून लोखंडी टॉमी नेली होती.

अंगणात उन्हाला खाट टाकलेली होती. सूरज त्यावर बसला होता, दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. त्याची आई, साळुबाई, त्याला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. मी फाटक ढकललं. त्यानं मला बघितलं, पोतं बघितलं आणि त्याच्या तोंडातलं दूध हनुवटीवरून खाली आलं. लेंगा भिजला. पळायला उठला तर हाताचा टेकू घेता येईना, पुन्हा बसला.

मी टॉमी बाहेर काढली. प्राजू, मी ती वर उचलली होती. साळुबाई जागची उठली नाही. वाटी मांडीवर धरून मला म्हणाली, एवढा घास गिळू दी त्याला, मग काय ते कर. आन् त्याच्यानंतर मलाबी मार, न्हाईतर ह्ये दोन हात धुवायला-पुसायला मी म्हातारी कुठवर पुरणार.

तो घास त्याला गिळता येत नव्हता. ती पदरानं त्याची हनुवटी पुसायची, तो पुन्हा सांडायचा. मी टॉमी वर धरून उभा. खांदा दुखायला लागला. तुझं पत्र आठवलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण त्या क्षणी मला कोणी आठवलं नाही. मला त्याची दयाही आली नाही. त्याच्या तोंडावरची माशी त्याला हाकलता येत नव्हती, तरी दया आली नाही. मला फक्त दिसलं की इथं मारण्याजोगं काही उरलेलं नाही, आणि मी मारलं तर त्या म्हातारीच्या हातातली वाटी सांडेल. मी टॉमी खाली घेतली. खाली घेताना ती हातातून सुटली आणि फरशी फुटली. त्या आवाजानं तो लहान पोरासारखा किंचाळला.

मी निघालो तेव्हा साळुबाई माझ्या मागं फाटकापर्यंत आली. म्हणाली, प्रांजलला मार बसायचा तवा मी आत चूल फुकत बसायचे. मी फाटक ओढून घेतलं. स्टँडपर्यंत आलो आणि तिथं हात थरथरायला लागले.

आई-बापूंना यातलं काही वाचून दाखवू नकोस. गाडी... म्हणजे माझी वेळ झाली. मशीनवर रोज कपडा घाल, धूळ फार आहे आपल्याकडं.

जीव लावते आहेस तशीच लावत राहा.
तुझा,
दादा


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
डिंगोरे
२८ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

स्टँडवरचं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा इतका राग आला की कागद चुलीत घालायला निघाले होते. मग पुन्हा वाचलं. वाचून झाल्यावर मात्र चुलीत घातलं. काळजी करू नकोस.

परवा साळुबाई आंबेगावहून एकटी एस.टी.नं आल्या. आधी पोलिसांत गेल्या, मग आपल्या दारात. त्यांनी जबाब लिहून दिलाय. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून आपल्या मुलानं सुनेला कसं कसं मारलं, लाटण्यानं, पट्ट्यानं, एकदा गरम उलथण्यानं, हे सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि खाली अंगठा दिला. पोलिसांनी म्हणे दोनदा विचारलं की आजी, मुलगा आत जाईल, कळतंय ना. त्या म्हणाल्या, कळतंय, तितं त्याला भरवंल कोन एवडंच बगा. मी टाकलेल्या काडीमोडाच्या अर्जावर सूरजनंही आडकाठी घेतलेली नाही. त्याची सही होत नाही, म्हणून कोर्टात अंगठा धरून लावावा लागेल.

आईनं त्यांना आत घेतलं नाही, हाकललंही नाही. पडवीत पाट दिला, पाणी दिलं. बऱ्याच वेळानं चहा दिला. माझ्या तळहाताचे व्रण त्यांनी बघायला मागितले. मी दाखवले नाहीत. मला तेवढं जमलं नाही, दादा, आणि जमलं पाहिजे असंही वाटत नाही. बापूंनी त्यांना स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. परत आल्यावर एवढंच म्हणाले की म्हातारीला तिकिटाचं भाडं मोजता येईना, लई थकलीय.

मामा गप्प झालेत. मढच्या पोरांनी पुढल्या हंगामाचंही काम मलाच सांगितलंय. आत्ता हे लिहितेय तेव्हा मशीन चालू आहे, काल ज्या जोडीनं घाट मारला तिचा व्हिडिओ तयार होतोय, तासभर लागेल. स्क्रीनवर बैल अजून सुटायचे आहेत. मी दार उघडं टाकून बसले आहे.

पुढच्या भेटीला मी येणार आहे. तोंडावर काही खूण नाही, नीट बघून घे.

तुझी,
प्राजू